डब्यांवरचे इंग्रजी शब्द

नात वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसतेय. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिने इंग्रजी शब्दांच्या चिठ्ठ्या डकवल्यात. पोळ्या लाटता लाटता पाठ करते. मी चौथी शिकलेला. पण बांधाच्या भांडणापायी वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलो, म्हणून यातले बरेच शब्द माझ्या गुडघ्यांना ठाऊक आहेत.

"आबा, अ‍ॅडजर्नमेंट म्हणजे काय, सांगा बरं," तिने चिडवलं.

"भाकरी बांधून पुढच्या तारखेला परत पहाटेची एसटी धरायची."

"असं लिहिलं तर नापास होईन मी!"

एवढासा शब्द, डाळीच्या डब्यावर मावला. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली.

"मग पुस्तकातलं लिही, पास हो. पण उद्या जज्ज झालीस आणि कुणाला पुढची तारीख दिलीस, तर तो किती लांबून आलाय, एवढं विचार त्याला."