झोपली की जागी

आमच्या ह्यांना सगळे कानसेन म्हणायचे. पियानो जुळवण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि विकण्यात ह्यांच्याइतका कच्चा माणूसही नव्हता. गिऱ्हाईक आलं की हे पियानोचे दोष सांगत बसायचे. ह्याचं लाकूड फुगलंय, त्याची तार गंजलीय. "अहो, दुकान आहे की दवाखाना?" म्हणत मी ह्यांना आत पिटाळायचे आणि स्वतः पुढे व्हायचे. गिऱ्हाइकाने एक पट्टी दाबली की माझं "वा, काय गोड!" तयार. बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

पियानोच्या बहुतेक पट्ट्यांमागे तीन-तीन तारा असतात. फेल्टची पाचर घालून बाकीच्या गप्प करायच्या, एक नीट लावायची, मग दुसरी तिच्या बरोबरीला आणायची. लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात, हे स्वतःच्याच. दोन तारा जुळल्या नाहीत तर आवाज हेलकावे खातो. त्याला हे लहर म्हणत. किल्लीने खुंटी केसभर फिरवायची, आणि हेलकावा थांबला की म्हणायचे, "झोपली." शेजारी बसून बसून मलाही लहर कळायला लागली. पण माझ्या शब्दावर पाचर काढतील तर शपथ. स्वतः पट्टी दाबून ऐकल्याशिवाय नाहीच.

मग शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंनी आमच्याकडून नेलेला पियानो परत पाठवला. वरच्या पट्ट्या बेसूर आहेत म्हणाल्या. हे तरातरा त्या पियानोपाशी गेले, वरची पट्टी दाबली, पुन्हा दाबली. लहर मला इतकी स्पष्ट ऐकू येत होती, आणि ह्यांचा चेहरा कोरा.

"नुसता लाकडाचा ठोका येतोय गं," हे म्हणाले. "सूर येतच नाही."

दुकान बंद करू म्हणायला लागले. जेवेनात, बोलेनात. मला ह्यांची दया आली आणि रागही आला.

"हात शाबूत आहेत ना?" मी म्हटलं. "मग किल्ली तुम्ही फिरवा, ऐकते मी. आणि तोंड पाडून बसू नका."

बसलो दोघं त्याच पियानोपाशी. पट्टी मी दाबायची, खुंटी ह्यांनी फिरवायची. मधल्या पट्ट्यांवरच मी कंटाळले आणि म्हणून टाकलं, "झोपली."

"खोटं," हे म्हणाले. मधलं ह्यांना अजून ऐकू येत होतं. "मी गिऱ्हाईक नाही. वर गेलो की मला तुझ्याशिवाय दुसरा कान नाही."

ते मला फार लागलं. मी तीच पट्टी पुन्हा दाबली.

शेवटच्या पट्टीपर्यंत आलो तेव्हा ह्यांचं मनगट भरून आलं होतं. पियानो न्यायला बाईंचा टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला.

"झोपली?" ह्यांनी विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांना कुठे कळणार होतं?

"नाही. जागी आहे."

ह्यांनी किल्ली फिरवली.

"अजून जागी."

पुन्हा फिरवली. हेलकावा लांबला, मंदावला, आणि गेला. मी पट्टी आणखी एकदा दाबून ऐकलं.

"झोपली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने हात पट्टीकडे गेला, आणि मध्येच थांबला. मग पट्टी न दाबताच ह्यांनी पाचर काढून घेतली.