मोशेचं साल आणि दानिएल मामा

दोनशे वर्षांच्या फरकासाठी मी माझ्या सख्ख्या मामाला भरल्या चर्चमध्ये मान खाली घालायला लावली.

मामा आज सकाळी गेले. हट्टा गावात, घरीच. चहा मागितला आणि तो येईपर्यंत गेले.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दानिएल मामा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, ती पाळी सांभाळणं हे त्यांचं काम.
आणि रविवारी आमच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीत लेकरांना बायबल शिकवायचं, म्हणजे संडे स्कूल. सातवी पास माणूस, पण लेकरं त्यांच्यावर जीव टाकायची.

चर्चच्या आतल्या लांब भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं टाइमलाइन रंगवली होती. अब्राहामापासून येशूपर्यंत. प्रत्येक नावाखाली साल.

मोशेनं लोकांना मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर काढलं, त्याखाली लिहिलं होतं इ.स.पू. १४४६.
हिशोब साधा. शलमोनानं मंदिर बांधायला घेतलं ते साल इ.स.पू. ९६६. मिसर सोडल्याला तेव्हा चारशे ऐंशी वर्षं झाली होती असं शास्त्रात लिहिलंय. मामांनी बेरीज केली आणि ब्रश घेतला.

मी तेव्हा सेमिनरीतून, पाळक व्हायच्या कॉलेजातून, नुकताच पहिलं वर्ष करून आलेलो. डोक्यात हवा. मला पहिल्या वर्षात जेवढं कळलं तेवढं पुन्हा कधीच कळलं नाही.

उपकारस्तुतीची, देवाचे आभार मानायची, सभा होती. वसमतहून पाहुणे आलेले. मामांनी लेकरांना भिंतीला लागून उभं केलं होतं, एकेक जण आपापलं साल सांगत होतं. मोशेचं साल सांगणारी पोरगी बोलली आणि मी बसल्या जागेवरून म्हणालो, "हे चूक आहे."

आणि मग थांबलोच नाही.
त्या गोष्टीत रामसेस नावाचं शहर येतं, त्या नावाचा मोठा राजा नंतरचा, म्हणून साल १२६० च्या आसपास धरायचं, वगैरे वगैरे.

मामा म्हणाले, "मंग चारशे ऐंशी काहून लिहिलं?"
"बारा पिढ्या, एका पिढीची चाळीस वर्षं. राउंड फिगर आहे मामा. अंदाजे."

मामा अगदी मनापासून म्हणाले, "पाळीचा टाइम मी अंदाजे सांगितला तर लोक अंगावर येतेत. अन् देवाचं काम करणारा माणूस अंदाजे लिहील व्हय?"

मी म्हणालो, "मामा, मिसर म्हणजे सिद्धेश्वरचा कालवा नाही."

पाहुणे हसले. मंडळी हसली. दोन-तीन लेकरंही हसली.

मामा एवढंच म्हणाले, "तू शिकून आलास बाबा. तुझंच बराबर असंल."

पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतः पांढरा रंग आणला आणि सगळी भिंत रंगवून टाकली. संडे स्कूलही सोडलं. पाळकसाहेब दोनदा घरी गेले, तर म्हणाले, "लेकरांना चुकीचं शिकवायचं पाप नगं."

मला हे फोनवर आईनं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आपण जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला नवीन सर आले. ते १४४६ वाले निघाले. माझ्या रामसेसच्या मुद्द्याचा त्यांनी दहा मिनिटांत भुगा केला. शहराचं नाव मागाहून बदललेलं असू शकतं, म्हणाले. तिसरे एक सर होते, ते म्हणायचे की नक्की कुणालाच माहीत नाही, त्यांना स्वतःला तर अजिबात नाही.

म्हणजे मामांचं साल मानणारी मोठमोठी शिकलेली माणसं जगात होती. आहेत. वाद अजून चालू आहे.

हे मामांना सांगायला एक फोन पुरला असता.
मी नऊ वर्षं केला नाही.

एका नाताळला त्यांनीच विचारलं. अंगणात बाजेवर बसलेले. "काय रे, तुमच्या मोशेचं ठरलं का काही?"
मी मोबाइलमध्ये बघत म्हणालो, "चालूच आहे मामा."
"असं का," म्हणाले. आणि हरभऱ्याचं विचारायला लागले.

तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? लाज वाटत होती. मला वाटलं ते विसरले असतील.

आज दुपारी क्रूसावर लावायच्या पाटीसाठी पेंटरचा फोन आला. जन्मसाल विचारत होता.
मी आईला विचारलं. आई म्हणाली, "धरणाचं काम सुरू व्हतं, तवा तो रांगत व्हता."
मावशी म्हणाली, "न्हाई गं. कालव्याला पाणी आलं त्या साली झाला तो."
दोघींची तिथंच, मामांच्या उशाशी, जुंपली. आधार कार्डावर एक जून. आई म्हणाली, "ती तारीख अन् साल मास्तरनं शाळेत घालताना अंदाजे टाकलेलं. आमच्या समद्यांचीच एक जून हाय."

मी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या सालासाठी भांडलो. माझ्या मामाचं वय मला माहीत नव्हतं, कधी विचारलंही नव्हतं.

पेंटरला सांगितलं, साल लिहू नका. नावाखाली 'संडे स्कूलचे गुरुजी' एवढं लिहा.
मामींनी ते ऐकलं. म्हणाल्या, "हेच त्यांच्यापाशी येऊन बोलला असतास तर गेले असते रे ते परत लेकरांत. दर रविवारी तयार होऊन बसायचे. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून."

उद्या अकरा वाजता हट्ट्यात मामांची माती आहे. 'शिकलेला भाचा' म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. हे सगळं मी तिथं बोलणार आहे. माणसाला चारचौघांत खाली पाडलं, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी.

मामा, तुमचं चूक नव्हतं. मी चुकलो.

शांत झोपा. शेवटचा सलाम.