टाकीच्या तळाचं पाणी

देवावर माझा विश्वास लहानपणापासून होता, माणसांवर मात्र कधीच बसला नाही. कोल्हापुरातल्या एका नाटक कंपनीचा मी बरीच वर्षं मॅनेजर होतो. तिथे दिव्यांच्या वायरी, मखमली पडद्यांचे तुकडे, नटांच्या चपलासुद्धा नाहीशा व्हायच्या. संशय घेणं हे माझं कामच होतं आणि हळूहळू तो स्वभाव होऊन बसला. घरी पूजेला बसलो तरी फाटक वाजलं की माझे कान तिकडे जायचे. माझ्या या सवयीने एकदा सगळ्यांचाच जीव धोक्यात आला होता. त्यातून कसा सुटलो, ते मला सांगायचं आहे.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास कंपनी बंद पडली आणि तिची जुनी डिझेल बस माझ्या वाट्याला आली. गावोगाव दौरे करताना नट तिच्यातच राहत. आत झोपायला सहा फळ्या होत्या, पाण्याचं पिंप होतं, स्टोव्हसाठी पत्र्याचा कट्टा होता. गाडीबरोबर तिचा ड्रायव्हर दत्तोबाही माझ्याकडे आला. पावसाळ्याच्या तोंडावर तो म्हणाला, "मॅनेजरसाहेब, आता चार महिने गाडी उभीच ऱ्हाणार. डिझेलची टाकी गच्च भरून ठिवूया. पावसात रिकामी टाकी आतनं घाम धरती, त्येचं पाणी तळाला साठतं." मला वाटलं, भरलेल्या टाकीत नळी घालून रोज थोडं थोडं काढायचा याचा बेत दिसतो. मी टाकी भरली नाही. तळाशी जे काही होतं, तेही काठी बुडवून मोजलं आणि काठीवर खूण करून ठेवली.

त्याच पावसाळ्यात आई अंगणात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा बसू शकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. तिने कधी काही मागितलं नव्हतं. आता एकच म्हणू लागली, "एकदा सौंदत्तीला नेऊन आण. यल्लमाची ओटी भरायची राहिलीय." आडवं होऊन एवढा प्रवास करायचा, तर आमच्या बसशिवाय दुसरा मार्ग नव्हता. थंडी पडल्यावर एका सकाळी टाकी भरून घेतली, फळीवर जाड गादी घालून आईला निजवलं आणि निघालो. पत्नी तिच्या उशाशी बसली. मी पुढे, दत्तोबाच्या हातांवर नजर ठेवून.

कागल मागे पडलं आणि दूधगंगेच्या अलीकडे इंजिन गचके खाऊ लागलं. मागून पांढरा धूर आला आणि गाडी सपाट रस्त्यावर, उसाच्या कडेला थांबली. दत्तोबाने खाली उतरून फिल्टर उघडला, त्यातलं डिझेल तळहातावर घेतलं आणि म्हणाला, "पाणी हाय." हा शब्द ऐकला आणि माझा तोल गेला. "डिझेल काढून विकलंस आणि वर पाणी ओतलंस! मला सगळं कळतं." दत्तोबाने पाना माझ्या पायाशी ठेवला. "गाडी तुमचीच हाय. घ्या, तुम्हीच चालवा," एवढंच बोलून तो रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली पाठ करून बसला. मला गाडी चालवता येत नव्हती. आत आई कण्हत होती.

इतक्यात उसातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल, कासोटा घातलेला, हात कोपरापर्यंत काळे. "लांबनं आवाज आला. हवा धरली जणू इंजनानं," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून नदीवरचं पाणी उपसायचं तेलाचं इंजिन तीच चालवत होती. मला तिचाही संशय आला. गाडी बंद पडायला आणि ही यायला गाठ कशी पडली? त्यात ती बाभळीकडे बघून "ओ दादा, पाना कुटं हाय?" म्हणाली, तेव्हा दोघांचं संगनमत असणार अशी माझी खात्रीच झाली. मी पाना उचलून हातात घट्ट धरला.

ती थांबली नाही. मोकळी काचेची बाटली मागून घेतली, माझ्या हातातून पाना जवळजवळ ओढूनच घेतला आणि टाकीच्या तळाचं बूच ढिलं केलं. बाटलीत डिझेल वर राहिलं आणि खाली तांबडं, गढूळ पाणी बसलं. तिने बाटली उन्हात धरली. "पावणं, तुमचं वरडणं ऐकलं मी. कुणी पाणी वतलं असतं तर ते नितळ असतं की. ह्यो गंज बघा. हे लई दिसांचं हाय. पावसात टाकी भरून ठेवलीती का रिकामी?"

खिडकीतून आईचा आवाज आला, "खरं काय ते सांग रे."

"रिकामी," मी म्हणालो. "तो भर म्हणाला होता. मीच भरू दिली नाही."

मी रस्ता ओलांडून दत्तोबापाशी गेलो. हात जोडायचे होते, पण ते वर उठेनात. "माझं चुकलं," एवढंच म्हणालो. तो उठला आणि कामाला लागला. पाणी यायचं थांबेपर्यंत त्याने आणि बाईने टाकी गळू दिली. तिने आपल्या इंजिनाचं डिझेल डब्यातून आणलं. सवयीने मी त्याचा वास घेतला आणि लगेच मान खाली घातली. त्या डिझेलने फिल्टर धुतला, मग इंजिनावरचा हातपंप मारून नळीतली हवा काढली. बुडबुडे थांबले. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. आत आई यल्लमाचं नाव घेत होती.

निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट लागला. चढावर आमच्या मागे ऊस भरलेला ट्रक होता आणि एका बाजूला दरी. इंजिन बंद पडलं की आमच्या त्या जुन्या गाडीच्या ब्रेकचा जोर जायचा. गाडी पाच-सहा कोस पुढे येऊन बंद पडली असती तर? त्या वळणावर माझ्या अंगाला घाम फुटला. सौंदत्तीला आईची ओटी भरून झाली, पण देवीसमोर मला काही मागायला सुचलंच नाही.

परतताना मी मुद्दाम दूधगंगेजवळ गाडी थांबवली. बाई उसाला पाणी पाजत होती. प्रसाद देऊन मी म्हणालो, "त्या दिवशी देवीनेच तुम्हाला पाठवलं."

"देवी कशाला पाठवतीया? मी आपणहून आल्तो की," ती हसली. "तुमच्यापायी माझं इंजन तासभर बंद ऱ्हायलं." मग प्रसाद कपाळाला लावून तिने आईची चौकशी केली.

तिला कोणी पाठवलं, याचा वाद मी तेव्हा घातला नाही आणि आजही घालत नाही. मी पाना घट्ट धरून तिला अडवत होतो आणि तरी ती मदतीला थांबली, यातच मला सगळं मिळालं. सगळं आपल्या मुठीत राहावं म्हणून मी आयुष्यभर जागा राहिलो होतो. परतीच्या त्या दुपारी मी पुढे बसलो नाही. आईच्या समोरच्या फळीवर आडवा झालो आणि मला गाढ झोप लागली. दत्तोबाने हाक मारली तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती.