वॉल्टच्या शंभर बाटल्या

सोमवारच्या मीटिंगला वॉल्ट उजव्या हाताला बँडेज बांधून आला. तो आमच्या डिपार्टमेंटचा मॅनेजर. सेफ्टीच्या बाबतीत इतका काटेकोर, की जिना उतरताना कुणी कठडा धरला नाही तर टोकायचा. त्यामुळे मीटिंगभर सगळ्यांच्या नजरा त्या बँडेजवर. मीटिंग संपली, बाकीचे गेले. त्याने मला थांबवलं आणि दार लावून घेतलं.

"मेधा, माझ्या बिअरच्या बाटल्या फुटतायत."

ही २००६ सालची गोष्ट. मी तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहायचे आणि जवळच्या एका औषध कंपनीत मायक्रोबायॉलॉजिस्ट होते. माझं काम क्लीनिंग व्हॅलिडेशनचं. म्हणजे एका टाकीत एक औषध बनवून झालं, की दुसरं बनवायच्या आधी ती टाकी खरंच स्वच्छ झाली आहे हे पुराव्यानिशी दाखवायचं. नुसतं "धुतली" म्हणून चालत नाही. कुठून नमुना घेतला, त्यात काय सापडलं, सगळं लिहून खाली सही करायची. नागपूरला आई शेजारणींना सांगायची, "आमची मेधा अमेरिकेत भांडी तपासते." तसं ते अगदीच चूक नव्हतं.

वॉल्ट हौस म्हणून घरी बिअर बनवायचा. ऑक्टोबरमध्ये त्याच्या मुलीचं, एमिलीचं लग्न होतं. बायको गेल्यापासून त्याने तिला एकट्यानेच वाढवलेलं. पाहुण्यांना आपण बनवलेली बिअर मिळेल, असं त्याने कबूल केलं होतं. त्यासाठी भरलेल्या पहिल्या पन्नास बाटल्यांपैकी तीन गॅरेजमध्ये फुटल्या. तिसरीची काच त्याच्या हाताला लागली.

"लग्नात भाषण करणं मला जमणार नाही," तो म्हणाला. "बिअर जमते. निदान परवापर्यंत जमत होती."

"लॅबमध्ये टेस्ट करू या?"

"कंपनीचं काहीही वापरायचं नाही. नमुना घ्यायचा एक स्वॅबसुद्धा नाही."

"मग आधी त्या उरलेल्या बाटल्या फेकून दे. ती बिअर पाहुण्यांना द्यायला माझी सही हवी असेल तर उत्तर नाही असंच आहे."

त्याने होकारार्थी मान हलवली. बॉसला नाही म्हणण्याचा मला पगार मिळायचा, पण त्या दिवशी ते जड गेलं.

शनिवारी मी आणि माझा नवरा मंदार त्याच्या घरी गेलो. सेफ्टी गॉगल आणि थंडीतलं जाड जॅकेट घालून वॉल्टने त्या बाटल्या फ्रीजमध्ये गार केल्या होत्या आणि एकेक करून ओतल्या होत्या. गॅरेजभर आंबट वास होता. कोपऱ्यात पुढच्या बिअरचे दोन मोठे कॅन झाकून ठेवलेले. त्यातली बिअर आंबून तयार व्हायला आली होती. ती भरायची होती, आणि त्यानंतर गॅस मुरायला किमान दोन आठवडे लागणार होते. नवीन बिअर बनवायला वेळच उरला नव्हता.

बाटल्या का फुटतात ते सांगते. भरताना बिअरमध्ये थोडी साखर घालतात. बिअरमधलं यीस्ट ती साखर खातं, त्यातून गॅस होतो आणि झाकण बंद असल्यामुळे तो बिअरमध्येच मुरतो. म्हणून बिअर फसफसते. साखर संपली की यीस्ट थांबतं. पण बाटलीत भलताच जंतू शिरला, तर यीस्टला न पचणारी साखरही तो खातो. गॅस वाढत राहतो. शेवटी काच फुटते.

मी एक रिकामी बाटली उजेडात धरली. तळाशी फिकट तपकिरी कडं होतं.

"हे काय आहे?"

"जुनं आहे. पण सगळ्या बाटल्या मी सॅनिटायझरमध्ये बुडवतो."

"मळावर सॅनिटायझर ओतून काही होत नाही, वॉल्ट. आधी क्लीन, मग सॅनिटाइझ. मीटिंगमध्ये हे तूच नवीन लोकांना शिकवतोस."

त्याचे कान लाल झाले.

तो दिवस आणि पुढचा आख्खा रविवार आम्ही शंभर बाटल्या धुतल्या. आधी गरम पाण्यात क्लीनिंग पावडर घालून भिजवल्या. लेबलं सोलली. लांब ब्रशने आतून घासल्या, खळखळून धुतल्या, प्रत्येक बाटली उजेडात पाहिली. डाग दिसला की परत भिजवली. शेवटी सॅनिटायझर. मंदारने ब्रश धरला. दुपारी तो म्हणाला, "मेधा, घरी मी दोन कप विसळतो तर तू परत धुतेस. इथे बरं चालतंय?"

"इथे मी तपासणार आहे ना," मी म्हटलं.

वॉल्टला लगेच बिअर भरायची होती. मी थांबवलं. धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

घरी गेल्यावर बाळाच्या खाण्याच्या अकरा छोट्या बरण्या काढल्या. मैत्रिणीने दिलेल्या, मसाल्यांसाठी जपून ठेवलेल्या. त्यात बिअरसाठी लागणारंच माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी भरलं, तोंडाला फॉइल लावलं आणि प्रेशर कुकरमध्ये बारीक आचेवर वीस मिनिटं ठेवल्या. लॅबमधलं निर्जंतुक करायचं यंत्र यापेक्षा फार वेगळं नसतं, फक्त त्यात वरणभात होत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बरण्या घेऊन वॉल्टकडे गेले. आठ बाटल्या निवडल्या. प्रत्येकीत उकळून गार केलेलं पाणी घालून हलवलं आणि त्यातलं चमचाभर एकेका बरणीत टाकलं. नवव्या बरणीत, जिच्यातून बिअर बाटल्यांत भरायची त्या बादलीत हलवलेलं पाणी. अकरावी न उघडता तशीच ठेवायची होती, तुलनेसाठी. दहावी उरली. उरली म्हणून बादलीच्या खालच्या प्लॅस्टिकच्या नळातून पाणी सोडून ती भरली. यात माझी हुशारी काहीच नव्हती.

बरण्या ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवल्या; जंतू असतील तर उबेत वाढून पाणी गढूळ करतील. थंडीत मी दही तिथेच लावायचे.

बुधवारी सकाळी ओव्हन उघडला. पहिल्या आठ बरण्या स्वच्छ. नववी स्वच्छ. अकरावीही. दहावी गढूळ झाली होती आणि तिचं फॉइल फुगलं होतं.

मी ती रुमालात गुंडाळून पार्किंग लॉटमध्ये वॉल्टला दाखवली. कंपनीच्या आत जंतू न्यायची सोय नव्हती.

"नळ?" तो म्हणाला. "शक्यच नाही. तो मी दर वेळी सॅनिटायझरमध्ये बुडवतो."

"उघडून?"

"तो उघडत नाही. एकसंध आहे."

संध्याकाळी त्याच्या किचनमध्ये मी तो नळ कढत पाण्यात टाकला. पाच मिनिटांनी बाहेर काढला, चमच्याच्या दांड्याने मागून जोर दिला. टक्कन आवाज आला आणि आतली नळी सुटून सिंकमध्ये पडली. तिच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर होता. प्रत्येक बाटलीतली बिअर त्यावरून वाहत आली होती.

वॉल्टने नळी उचलून उजेडात धरली. "पाच वर्षं हाच नळ वापरतोय," तो हळूच म्हणाला.

"आणि मी दोन दिवस तुझ्या बाटल्यांना दोष देत होते," मी म्हटलं. बाटल्यांच्या तळाची कडी होतीच, घासायला हवीच होती. पण खरी खोट तिथे नव्हती आणि मी ठरवून मोकळी झाले होते. दहावी बरणी उरली नसती, तर आम्ही शंभर चकचकीत बाटल्या त्याच नळातून भरल्या असत्या आणि पाहुण्यांच्या हातात दिल्या असत्या.

नवीन नळ आणला. तोही उघडून धुतला, सॅनिटाइझ केला, परत बरणीत तपासला. मग बिअर भरली. त्यानंतर वॉल्ट रोज सकाळी कॉफी घेताना मला एकच शब्द सांगायचा, "शांत." म्हणजे रात्रीत एकही बाटली फुटली नाही. दोन आठवड्यांनी आम्ही एक उघडली. फस्स. जितका हवा तितकाच फेस. मी दोन घोट घेतले. मला बिअर फारशी कळत नाही, पण आंबट नव्हती. वॉल्टने डोळे मिटले आणि नुसतं हसला.

लग्न त्याच्याच बॅकयार्डमध्ये झालं. सगळे नवरीकडे बघत होते, मी लोकांच्या हातातल्या बाटल्यांकडे. एकही उसळली नाही. एमिलीने बाटली उंचावून वडिलांकडे पाहिलं, आणि भाषण न जमणाऱ्या माणसाला ते करावंच लागलं नाही. मंदारने तिसरी बाटली उघडली तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली.

पुढच्या सोमवारी वॉल्टने आमच्या क्लीनिंगच्या फॉर्ममध्ये एक नवी ओळ घातली: "कोणता भाग उघडला नाही?" पहिल्याच महिन्यात त्या ओळीत तीन उत्तरं आली, तिन्ही आम्हाला नवीन. काय काय केलं ते लोक हौसेने लिहितात. काय केलं नाही, ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि त्यांचंही चुकत नाही, कारण "हा उघडत नाही" हे त्यांना कुणीतरी आमच्यासारख्यानेच सांगितलेलं असतं.