सगळी दारं पूर्वेला

बालाघाटात मी ट्रेसर होतो. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर मेणकट निळसर कापड ताणायचं आणि शाईनं गिरवायचं. हात माझा बरा होता. माज त्याहून जास्त होता.

राज्यांच्या फेररचनेत नागपूर आमच्या प्रांतातून गेलं, त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. सरकारी क्वार्टर्सची वसाहत मंजूर झाली आणि भोपाळहून नगररचना शिकलेले साहेब आले. हवा, उजेड, मोकळी जागा, हाच त्यांचा जप. म्हणून सगळी दारं पूर्वेला. सकाळचं ऊन सगळ्यांना सारखं. मला तर ऐकूनच भरून आलं. एका क्वार्टरचा नमुना केला आणि तो कापडाखाली सरकवत चोवीस वेळा गिरवला. चार ओळी, ओळीत सहा घरं.

शेजारच्या टेबलावरचे म्हातारे ड्राफ्ट्समन चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "एका आड एक ओळ फिरवून घे ना बाबू. दारं समोरासमोर येतीन. असं त हरेकाच्या तोंडापुढे दुसऱ्याची पाठच येते."

"काका, हे काही खेडं नाही," मी म्हणालो. काय तो तोरा! नमुन्याचा कागद अर्धा फेरा फिरवायचा, एवढंच काम होतं. साहेबांना विचारायलाही मी गेलो नाही.

त्यातलंच एक क्वार्टर मला मिळालं, दुसऱ्या ओळीत. लग्न झालेलं नव्हतं. स्वतःच भात टाकायचा, स्वतःच जेवायचं, भांडं घासताना स्वतःशीच बोलायचं. वडील गेल्यापासून आई राजेगावजवळच्या आमच्या गावात एकटी होती. निदान मी तसं समजत होतो. तिला घेऊन आलो.

गावात आमच्या दारासमोर, बैलगाडी जाईल एवढी वाट सोडून, एक दार होतं. त्या घरातल्या बाईला आई 'समोरची' म्हणायची. दोघी आपापल्या ओट्यावर पानं-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसत, विड्या वळत आणि वाटेवरून बोलत. कधी भांडणही वाटेवरूनच. चाळीस वर्षं हे चाललं होतं.

क्वार्टरमध्ये आई पहिल्या दिवशी सूप घेऊन दारात बसली. समोर पहिल्या ओळीची मागची भिंत. संध्याकाळी मी आलो तर सूप तसंच.

"अथी समोर भित्ताडच हाय रे."

"आई, हवा बघ किती. उजेड बघ!"

"हौ, उजेड हाय. पण त्यात पाहू कोणाले?"

मी चिडलो. माझ्या रेषांना कोणी नावं ठेवलेली मला खपत नसे, आईनंही नाही. पण ती काही मुद्दाम रुसून बसली नव्हती. एकदा कंपाउंडला वळसा घालून पहिल्या ओळीतल्या एका घरी गेली. "क्या काम है, अम्मा?" त्या बाईनं विचारलं, तेही चांगल्या तोंडानं. काही काम नव्हतं. आई परत आली.

"मले सोडून दे गावाले," ती म्हणाली. "समोरची वाट पाहत असन."

"दिवाळी होऊ दे." मग संक्रांत होऊ दे, मग ऊन उतरू दे. खरं सांगतो, मला तिला सोडायचंच नव्हतं. घरी परतल्यावर चुलीजवळ कोणीतरी असतं, "आलास का?" म्हणतं, याची मला चटक लागली होती. बस रोज जात होती. घंट्या-दीड घंट्याचा रस्ता. मीच नेलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी गावचा माणूस निरोप घेऊन आला. समोरची गेली. आजारी होती महिनाभर, खाट दारात घ्यायला लावायची आणि आमच्या कुलपाकडे बघत पडायची.

आई रडली नाही. तिनं सूप आतल्या फळीवर ठेवलं. मी लगेच म्हणालो, "चल, आजच जाऊ गावाला."

"काहून?" तिनं विचारलं. "आता तथीबी भित्ताडच."

त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही. माझ्याजवळच राहिली, बरीच वर्षं. मला हवं होतं तसंच झालं, नाही का? दोन वेळचं गरम जेवण होतं, "आलास का?" होतं. बाकी घरात आवाज नव्हता.

पुढे दुसऱ्या वसाहतीचा नकाशा आला. ड्राफ्ट्समनकाका तोवर निवृत्त झाले होते, साहेबही बदलले होते. मी नव्या साहेबांपुढे उभा राहून बोललो आणि एका आड एक ओळ फिरवून घेतली. निळी प्रत घरी आणून आईपुढे अंथरली. दारं बोटानं दाखवली.

तिनं एका दारापासून समोरच्या दारापर्यंत बोट नेलं. "इतक्या दूर आवाज जाते?"

"जातो."

"बेस केलं." मग डोळे बारीक करून ती कागदावर वाकली. "यात आपलं कोणतं?"

"यात आपलं नाही, आई."

"हौ," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.