धुतलेल्या मुळांचं पाईन

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या मागे एक पॅटिओ होता. दोन खुर्च्या टाकल्या की तिसऱ्या माणसाने उभंच राहायचं, एवढाच. तिथल्या लाकडी बाकावर माझी चार पाईनची झाडं असत. कम्युनिटी सेंटरमधल्या बोन्सायच्या क्लासात मूठभर बिया मिळाल्या होत्या, त्यांतून तगलेली ही चार. वय चार वर्षं, उंची वीतभर. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, गाठीला इंजिनिअरिंगची डिग्री आणि नोकरी करायला कायद्याने बंदी. लेक शाळेत गेली की दिवस माझा आणि ह्या झाडांचा. ह्या देशात मी एकटीने उभं केलेलं असं काही असेल तर ते त्या बाकावर होतं, आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता.

२००५ च्या ऑक्टोबरात सासूबाई सांगलीहून आल्या, मार्चपर्यंत राहायला. दुसऱ्याच दिवशी चहाचा कप घेऊन पॅटिओवर गेल्या.

"ही कसली गं रोपं?"

"रोपं नाहीत आई, बोन्साय आहेत. अजून लहान आहेत."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "घरात खुजं झाड ठेवलं की घराची वाढ खुंटते, माहीत नाही तुला?"

पुरावे त्यांच्याकडे तयारच होते. नात वर्गात सगळ्यांत बुटकी. मुलाचं ग्रीनकार्ड अडकलेलं. आणि एवढी शिकलेली सून घरात बसून. पहिल्या दोन पुराव्यांना मी हसले, तिसरा मात्र वर्मी लागला. लेकीला स्वतःच्या उंचीचं काहीच वाटत नव्हतं. "आजी, आय लाइक इट. क्लास फोटोत मी फ्रंटला असते," असं ती सांगून मोकळी झाली. पण आजीने ते मनावर घेतलं नाही.

नोव्हेंबरात पाईनची जुनी, सुईसारखी पानं काढावी लागतात, म्हणजे आतल्या फांद्यांना ऊन मिळतं. मी चिमटा घेऊन एकेक सुई ओढत बसले होते, तर काचेच्या दाराआडून आवाज आला. "आता पिसंपण उपटायला लागलीस का त्यांची?" डिसेंबरात थंडी वाढल्यावर मी तुळस उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. पाईनला थंडी हवीच असते, म्हणून ती बाहेरच ठेवली. त्यावर दिवसभर टोमणे. "तुळशीचे लाड आणि ह्या बिचाऱ्यांनी कुडकुडायचं." झाडं त्यांना घरात नकोत आणि बाहेर ठेवलेलीही बघवत नाहीत. ह्या बाईला नक्की हवंय काय, ते मला कळेना.

शेवटी एका रविवारी जेवताना ठिणगी पडली. त्यांनी पुन्हा ग्रीनकार्डचा विषय काढला आणि माझा पारा चढला. "ठीक आहे. तुम्ही जायच्या आधी देऊन टाकते चारही. शब्द देते. पण तोवर कुणी त्यांना हात लावायचा नाही." नवरा आमटीत भात कालवत म्हणाला, "तुझ्या बोन्साय क्लबमधल्या कुणाला तरी देऊन टाक ना यार, नंतर नवीन लावता येतील." नवीन लावायला ती काय कोथिंबीर होती? पण शब्द तोंडातून निघून गेला होता, आणि तो मागे घेण्याइतका समजूतदारपणा माझ्यात नाही. बोन्साय क्लबमधल्या एका निवृत्त गृहस्थांना फोन केला. ते मार्चमध्ये न्यायला येतो म्हणाले. फोन ठेवल्यावर मी तास-दीड तास उगाच कपाट आवरत बसले.

फेब्रुवारीच्या शेवटी झाडांच्या कुंड्या बदलायची वेळ आली. मुळांनी कुंड्या गच्च भरल्या होत्या, पाणी वरच तुंबून राहत होतं. द्यायचीच तर धडधाकट द्यायची, असं मी ठरवलं. पॅटिओवर जुनी चादर पसरली, लाव्हाचे खडे आणि दाणेदार जपानी माती चाळून घेतली, नव्या कुंड्यांच्या भोकांवर जाळी बसवली. एकेक झाड काढून चॉपस्टिकने मुळांचा गुंता सोडवायला लागले. काचेचं दार सरकलं. सासूबाई येऊन खुर्चीवर बसल्या. गुंत्याकडे बघत म्हणाल्या, "ओढू नकोस. टोकाकडून सोडव." लेकीची वेणी घालताना त्या मला हेच सांगत. मी टोकाकडून सोडवायला लागले आणि खरंच सोपं गेलं, पण तसं त्यांना सांगितलं मात्र नाही.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. बोलून परत येते तर सासूबाई कोपऱ्यातल्या नळाखाली चौथं झाड धरून उभ्या. सगळी माती वाहून गेलेली आणि मुळं मुळ्यासारखी पांढरीशुभ्र.

"बुरशी लागली होती गं मुळांना, कापसासारखी. दुसऱ्याच्या घरी जायचंय त्यांना, घाणेरडी कशी द्यायची? स्वच्छ केलं."

"आई, ती बुरशी त्याला हवी असते," मी म्हटलं. "तिच्या जोरावर पाईन जगतं. म्हणून जुनी माती कधी पूर्ण काढायची नाही, थोडी तरी मुळांना ठेवायची आणि नव्या मातीत मिसळायची."

सासूबाईंनी नळ बंद केला. हात पदराला पुसले. आल्या आल्या त्यांनी दुकानातलं दही नाकारून समोरच्या घरातून वाटीभर विरजण मागून आणलं होतं आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री दही लागत होतं.

"म्हणजे विरजणच की," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी ते धुऊन टाकलं."

मी ते ओलं झाड उचलून चादरीवर आणून ठेवलं.

"मग त्या तिघांचं थोडं ह्याला लाव ना," त्या म्हणाल्या.

इतकी साधी गोष्ट घाबरल्यामुळे मला सुचली नव्हती. बाकीच्या झाडांची जुनी माती आम्ही दोघींनी कुस्करली, चादरीवर सांडलेले पांढरे धागेसुद्धा वेचून घेतले. झाड कुंडीत बसवलं, हलू नये म्हणून तारेने बांधलं. ते जगलं की नाही ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. जगलं. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. सुया मलूल दिसत होत्या. सासूबाईंनी ते झाड वाऱ्यापासून आडोशाला ठेवलं आणि कपड्यांच्या इस्त्रीची पाण्याची बाटली घेऊन दिवसभर त्याच्यावर फवारा मारू लागल्या. माझ्याशी भांडायला त्यांना वेळच उरला नाही. आम्ही दोघी सकाळी उठलो की आधी पॅटिओवर जायचो, मग चहा. दोघींचीही एकच भीती होती, पण त्यांच्या जाण्याची तारीख जवळ येत होती आणि माझ्या शब्दाबद्दल घरात कुणी ब्र काढत नव्हतं.

ठरल्या दिवशी क्लबचे गृहस्थ आले. मी पॅटिओवर झाडं खोक्यांत भरत होते, हात चालत नव्हते. बेल वाजली ती सासूबाईंनी ऐकली आणि दार त्यांनीच उघडलं. एरवी गोऱ्या माणसाशी बोलायची वेळ आली की त्या आत पळत. मी खोकं उचलून हॉलमध्ये आले, तोवर त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

"वन ट्री सिक. सिक ट्री नो गो."

गृहस्थ भले होते. म्हणाले, काही हरकत नाही, मग तीनच नेतो.

सासूबाईंनी जरा विचार केला. "अदर थ्री, फॅमिली," त्या म्हणाल्या. "फॅमिली नो गो."

गृहस्थांना काय कळलं कोण जाणे, पण ते मनापासून हसले आणि मान डोलावली. सासूबाईंनी त्यांना हात धरून सोफ्यावर बसवलं. मी तशीच खोकं धरून उभी.

"आई, पण मी शब्द दिला होता."

"मलाच दिला होतास ना?" त्या म्हणाल्या. "मग घे, मी तो परत दिला. आणि आता उभी राहू नकोस, त्यांना चहा टाक."

खोकं खाली ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून पोटभर रडून घेतलं.