कल्याणच्या प्लेग-इस्पितळातले आम्ही चौघं

प्लेगच्या इस्पितळातली नोकरी म्हटली की लोकांना वाटतं, तिथं हसण्यासारखं काय असणार? अहो, चार माणसांना महिनोन्‌महिने धड झोप मिळाली नाही की किस्से आपोआप साठतात! कल्याणला स्टेशनाजवळ माडाच्या झापांनी शाकारलेल्या शेडमध्ये आम्ही होतो. विनायकराव डॉक्टर, काशीबाई नर्स, धोंडू वॉर्डातला गडी आणि मी कंपाउंडर.

*

धोंडू मिठागराकडचा. एका दुपारी रिकाम्या खाटेवर जरा टेकला आणि तिथंच झोपला. काशीबाईंनी पेशंट समजून त्याच्या काखेत थर्मामीटर लावलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, उठवून पेजही पाजली. वाटी संपल्यावर त्यांचं तोंडाकडे लक्ष गेलं.

"मेल्या, तू? बोलला का नाहीस?"

"बाय, दोन महिन्यांत पयल्यांदा कुनी माझी इचारपूस केली. मधी कशाला बोलू?"

*

माझं डोकं तरी कुठं ठिकाणावर होतं! मेव्हणा घरी आला, दारात उभा. 'या, बसा' म्हणायच्या ऐवजी मी म्हणालो, "जीभ दाखवा!"

बिचाऱ्यानं दाखवली. पांढरी होती. मी चहाऐवजी त्याला एरंडेल दिलं. बायको आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

काशीबाईंच्या लुगड्याला जंतू मारायच्या कार्बोलिकचा वास यायचा. बाजारात बायका दहा हात लांब सरकायच्या. "मला गर्दी कशी ती लागतच नाही!" असं त्या हसून सांगायच्या.

एकदा मात्र तासभर एकच तसराळं घासत बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, स्वच्छ झालं ते."

"ठाऊक आहे हो. हे तरी माझ्या हातून बरं होतंय."

मी दुसरं तसराळं त्यांच्यापुढं सरकवलं.

*

आता विनायकराव. घर डोंबिवलीला, जेमतेम दोन कोसांवर. पण रोग घरी न्यायचा नाही म्हणून चार महिने तिकडे फिरकले नव्हते. जेवण सुटलं होतं, गालफडं बसली होती. रजेचं काढलं की म्हणत, "मी गेलो तर बघणार कोण?" हा माणूस उभ्या उभ्या कोसळणार, अशी आम्हा तिघांना धास्ती होती.

रोज सकाळी ते स्टेशनावर उतारूंना तपासायचे. मान खाली, हातात समोरच्याचं मनगट. नाडी बरी असली तर "पुढे चला". संशय आला तर "बाजूला बसा", आणि बाजूला बसलेल्याला शिपाई शेडमध्ये नेत.

एके दिवशी रांगेत त्यांचे वडील उभे! डोंबिवलीचे जुने वैद्य. मी नावं लिहीत होतो. म्हाताऱ्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. विनायकरावांनी मनगट धरलं, मान वर न करता म्हणाले, "पुढे चला."

म्हातारे वळसा घालून पुन्हा रांगेच्या शेवटी. पुन्हा "पुढे चला". ते तिसऱ्यांदा आले!

"आजोबा," विनायकराव खालीच बघत म्हणाले, "नाडी उत्तम आहे तुमची. सारखे सारखे का येताय?"

म्हाताऱ्यांनी आपलं मनगट सोडवून घेतलं आणि लेकाचं धरलं. डोळे मिटून बराच वेळ नाडी पाहिली. सगळी रांग थांबली.

"विन्या," ते म्हणाले, "बाजूला बस."

विनायकराव निमूटपणे जाऊन संशयितांच्या ओळीत बसले.